पत्रातल्या उभ्या ओळी

टॅमर बर्केटला वाचता येत नव्हतं, पण पत्र कसं वाचतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. आधी बाईसाहेब चष्मा पुसणार. मग लाखेचा ठसा सुरीच्या टोकाने अलगद सोडवणार. मग कागद सरळ धरून आडव्या ओळी वाचणार. त्या संपल्या की कागद वळवणार, आणि त्याच आडव्या ओळींच्या अंगावरून लिहिलेल्या उभ्या ओळी वाचणार. दुसरा कागद जोडला की टपालखर्च दुप्पट, त्यामुळे एकाच पानावर आधी आडवं आणि मग उभं लिहायची त्या घराची रीत होती, आईची तशी लेकाचीही. आणि अगदी शेवटी, चष्मा काढण्याआधी, टॅमरचा निरोप.

"'टॅमरला सांग,'" बाईसाहेब वाचायच्या, आवाज जरा खाली आणून, "'लंडनमध्ये सगळं मिळतं, तिच्या हातचं पाल्याचं पुडिंग तेवढं मिळत नाही.'"

एवढंच. पण तेवढ्या एका ओळीवर टॅमर सहा महिने अंगणातल्या कोंबड्यांनासुद्धा हसून दाणे टाकायची.

बाईसाहेब म्हणजे इझाबेल रिग. नवऱ्यामागे लो गार्थची शेती, दोनशे मेंढरं आणि एक फाटकं तोंड एवढं सांभाळून होत्या. त्यांच्या तोंडून कौतुकाचा शब्द ऐकलेला माणूस वेस्टमोरलंडमध्ये शोधून सापडला नसता. रस्सा चांगला झाला तर त्या गप्प बसत, आणि गप्प बसणं हेच बक्षीस समजायचं. त्यांचा एकुलता एक मुलगा ॲम्ब्रोज मात्र शब्दांवरच जगत होता. तो कवी होता. मेंढपाळ, सूत कातणाऱ्या म्हाताऱ्या, ओढ्यावर कपडे धुणाऱ्या पोरी, असल्या साध्या माणसांवर त्याने इतकं लिहिलं होतं की लंडनच्या बायका ते वाचून रुमाल ओले करीत. आमच्या खोऱ्यात त्या कविता कुणी फारशा वाचल्या नव्हत्या. मेंढराला 'शुभ्र सखे' म्हणणाऱ्याने मेंढरू कधी कातरलंय का, असं टपाल आणणारा जॉस नेल्सन विचारायचा.

टॅमर या घरात आली ती वॉटर्लूची लढाई झाली त्या वर्षी, हिवाळ्याच्या तोंडावर. पुढच्या ईस्टरला ॲम्ब्रोज घरी होता. कुठल्याशा प्रेमभंगातून उठत होता. तेव्हा तिने त्याच्या ताटात पहिल्यांदा पाल्याचं पुडिंग वाढलं होतं. ओढ्याकाठचा कोवळा पाला, खाजऱ्या झुडपाचे शेंडे, भरडलेले जव, सगळं फडक्यात बांधून मटणाच्या रश्शात शिजवायचं आणि वरून अंडं घोळायचं. त्याचं ताट चाटूनपुसून स्वच्छ झालेलं तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो लंडनला गेला, आणि सहा आठवड्यांनी व्हिटसनचा सण आला. आमच्याकडे गडी-मोलकरणींची बोली सहा-सहा महिन्यांची असते. उन्हाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या व्हिटसनच्या आधी आणि हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या मार्टिनमसच्या आधी मालकिणीने विचारायचं, 'राहशील का?' विचारलं तर राहायचं. नाही विचारलं तर शनिवारी केंडलच्या जत्रेत तोंडात गवताची काडी धरून उभं राहायचं, म्हणजे ही बाई मोकळी आहे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं. इझाबेल रिगने विचारलं नाही. टॅमरने दोन दिवस वाट पाहिली आणि पेटी भरली. त्याच संध्याकाळी बाईसाहेब पत्र घेऊन स्वयंपाकघरात आल्या आणि त्यांनी वाचलं, 'टॅमरला सांग, तिच्या पुडिंगसाठी मी तीन कविता द्यायला तयार आहे.'

टॅमरने पेटी रिकामी केली. कौतुक करणारं कुणीतरी या घरात आहे, मग ते दोनशे मैलांवर का असेना, असं तिला वाटलं.

तेव्हापासून एकोणीस वर्षं हाच क्रम. प्रत्येक व्हिटसनला आणि प्रत्येक मार्टिनमसला बाईसाहेब विचारायच्या नाहीत, पत्र मात्र यायचं. मधल्या काळात रेक्टरच्या, म्हणजे गावच्या पाद्र्याच्या, बायकोने तिला दोनदा मागितलं, दुप्पट आरामाची नोकरी. टॅमर म्हणाली, रिगांच्या घरी माझी कदर आहे. जॉस नेल्सनने तर तिला लग्नाचंच विचारलं होतं. तो विधुर, दर गुरुवारी तट्टाच्या गाडीतून टपाल घेऊन यायचा, आणि सहा महिन्यांनी एकदा नेमाने विचारायचा.

"टॅमरबाई, तुझी मालकीण वर्षातून दोनदासुद्धा विचारत नाही. माझ्याकडे ये, मी रोज सकाळी विचारीन, राहशील का म्हणून."

"आणि रोज दुपारपर्यंत मी पळालेली असेन."

"दुपारपर्यंत तरी स्वयंपाक झालेला असेल ना!"

एकोणिसाव्या वर्षी व्हिटसनच्या आठवड्यात पत्र आलं नाही. ॲम्ब्रोजच आला. एका प्रकाशकाला कवी आणि त्याचं कुटुंब यांची घरगुती पत्रं छापायची होती, दोन्ही बाजूंची. ॲम्ब्रोज आता पंचेचाळिशीचा होता, पोट सुटलेलं, टक्कल पडलेलं, पण टॅमरच्या लेखी अजून छोटे मालकच. मधल्या वर्षांत तो तीन वेळा आला होता, तिन्ही वेळा पानगळीत आणि तिन्ही वेळा घाईत. त्यामुळे पाल्याच्या दिवसांत तो घरी आहे या आनंदाने टॅमरच्या पायांना जमीन लागेना.

बाईसाहेबांचं मात्र बिनसलं होतं. "घरातली पत्रं बाजारात मांडायची? उद्या माझे वाळत घातलेले मोजेही छाप."

"आई, लोकांना कवीचं घर बघायचं असतं."

"मग दारावर उभं राहून बघा म्हणावं. माझी पत्रं कुठे आहेत? सगळी आणलीस?"

"सगळी. पिशवी भरून."

"वाचलीस?" बाईसाहेबांनी विचारलं, आणि त्यांच्या हातातला चिमटा चुलीपाशी तसाच राहिला.

"तेव्हा वाचलीच की. आता उतरवून काढताना पुन्हा वाचीन."

त्या दिवशी बाईसाहेबांनी दोन वेळा त्याच्या खोलीत जाऊन त्या पिशवीला हात घातला, आणि दोन्ही वेळा ॲम्ब्रोजच्या पावलांचा आवाज येताच बाहेर आल्या.

गुरुवारी टॅमर पहाटे उठून ओढ्याच्या सावलीत गेली. मे अर्धा सरला होता, पाला निबर व्हायला लागला होता, तरी तिने एकेक पान निवडून टोपली भरली. दुपारी तिने पुडिंगची वाफाळती पुरचुंडी सोडली, मोठा तुकडा छोट्या मालकांच्या ताटात वाढला आणि डाव हातात धरून उभी राहिली. एकोणीस वर्षं या क्षणाची वाट पाहिली होती तिने.

ॲम्ब्रोजने ताटाकडे पाहिलं आणि हसतच सुटला. "अरे देवा! हे हिरवं संकट अजून करता तुम्ही?"

टॅमरला वाटलं, थट्टा करताहेत.

"लहानपणापासून मला याचा वाससुद्धा सहन होत नाही," तो आईकडे वळून म्हणाला. "आठवतं का गं? माझ्या वाटचं तूच गुपचूप खायचीस. टॅमर, मला नुसतं मटण वाढ."

"पण तुम्ही तर लिहायचात," टॅमर म्हणाली. "लंडनमध्ये मिळत नाही म्हणून. तीन कविता द्यायला तयार आहे म्हणून."

"मी? पुडिंगसाठी?" ॲम्ब्रोज खराखुरा बुचकळ्यात पडला होता. "कुणाला लिहिलं?"

"टॅमर, मीठ आण," बाईसाहेब म्हणाल्या. मीठ त्यांच्या पुढ्यातच होतं.

टॅमरने मीठ उचललं आणि त्यांच्या पुढ्यातच परत ठेवलं. "निरोप, छोटे मालक. पत्राच्या शेवटी. माझ्यासाठी."

ॲम्ब्रोजने आईकडे पाहिलं, टॅमरकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. काहीतरी गोड बोलावं असं त्याला कळलं, पण इतका मोठा कवी असून ऐनवेळी त्याला एक शब्द सुचेना. "हो हो, म्हणजे, लिहिलं असेल, का नाही लिहिणार," असं तो पुटपुटला, आणि चमच्याने पुडिंगचा एवढासा कोपरा उचलून तोंडात टाकला. त्याचा चेहरा जो झाला, तो बघून टॅमरला उरलेलंही कळलं.

"जेवताना बोलू नये," बाईसाहेब म्हणाल्या, आणि मान खाली घालून खात राहिल्या.

टॅमर मागच्या अंगणात जाऊन उभी राहिली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्याने लिहिलं नव्हतं तर मग बाईसाहेबच वाचायच्या स्वतःच्या मनाने. कशासाठी? अडाणी बाईला खेळवायला? फुकटात थोपवून धरायला? एकोणीस वर्षं तिने त्या ओळी जपल्या होत्या. कुणी विचारलं तर पाठ म्हणून दाखवल्या असत्या, आणि रेक्टरच्या बायकोला तर खरोखरच दाखवल्या होत्या. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त वाईट वाटलं.

तेवढ्यात जॉसची गाडी आली.

"जॉस, शनिवारी केंडलला जाशील ना?"

"जत्रेला? जाणार की."

"माझ्यासाठी आणि पेटीसाठी जागा ठेव."

जॉसच्या हातातला लगाम सुटला. "तू? काडी घेऊन? या वयात?"

"वयाचं तुला काय करायचंय? दात आहेत माझे, काडी धरता येईल."

शुक्रवारी बैठकीची चूल धुरकटली म्हणून ॲम्ब्रोज कागद, दौत आणि आईच्या पत्रांची पिशवी घेऊन स्वयंपाकघरातल्या मोठ्या टेबलावर येऊन बसला. बाईसाहेब मेंढरं मोजायच्या निमित्ताने वरच्या माळावर गेल्या होत्या. टॅमर पिठात हात घालून होती आणि कणकेला अशी आपटत होती की दौत उडत होती.

"आईचं अक्षर म्हणजे," ॲम्ब्रोज समेटाच्या सुरात म्हणाला, "काट्यांचं कुंपण. आडव्या ओळी एक वेळ लागतात. पण या उभ्या? खरं सांगू का टॅमर, मी त्या कधी वाचल्याच नाहीत. आडव्या वाचल्या की घरची खुशाली कळायची. उभ्या ओळींत मेंढरं आणि हवामानच असणार असं मी धरून चाललो होतो."

टॅमरने कणीक उलटी केली. "एकोणीस वर्षं अर्धंच पत्र वाचलंत?"

"आता उतरवायचीत म्हणून वाचावीच लागणार," असं म्हणून त्याने पहिलं पत्र खिडकीपाशी धरलं, वळवलं, आणि बोटाने एकेक शब्द धरत पुढे सरकू लागला. मग त्याचं बोट थांबलं. मानेपासून टकलापर्यंत तो लाल होत गेला.

"काय झालं? मेंढरं गेली?" टॅमरने विचारलं.

"ऐक," तो म्हणाला. "हे तू आल्यानंतरच्या पहिल्या व्हिटसनचं आहे. 'टॅमरने पेटी भरली आहे. तू तिला चार शब्द लिही. मला असलं बोलता येत नाही, माझी आईही कधी बोलली नाही. तुला तर शब्द फुकट येतात. आज मी तुझ्या नावाने खोटंच वाचून दाखवलं, पण पुढच्या वेळी खरं लिही.'"

टॅमरचे हात कणकेतच राहिले.

त्याने दुसरं उचललं. "'तू काही लिहिलं नाहीस. पुन्हा मीच वाचलं. देव मला क्षमा करील. त्याने ते पुडिंग खाल्लं तर नक्कीच करील.'"

"पुढे," टॅमर म्हणाली.

"'रेक्टरीणबाईंनी तिला मागितलं आहे. माझी झोप उडाली. या महिन्यात तुझं पत्र आलं नाही म्हणून तुझं दाढेचं जुनं पत्र काढून तेच परत वाचलं आणि शेवटी निरोप जोडला. तिला काही कळलं नाही.'"

"कळलं होतं!" टॅमर ओरडली. "दाढ तीच होती, उजवीकडची! मी मनात म्हटलंसुद्धा, एकच दाढ दोनदा कशी उपटली? पण म्हटलं, कवींचं काय सांगावं!" आणि तिला हसू फुटलं, ते थांबेना. ॲम्ब्रोजही हसला, चष्म्याखालून डोळे पुसत.

मग त्याने चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातलं पत्र काढलं आणि ते वाचताना त्याचा आवाज अडखळला. "'मला ताप होता. अकरा दिवस टॅमर उशाशी बसून होती. चादर नीट नाही म्हणून मी तिच्यावर ओरडले. ॲम्ब्रोज, तू लांब आहेस, त्याची आता सवय झाली. पण ही गेली तर मी या घरात कुणाशी भांडू? तिच्यासारखं माझं दुसरं कुणी नाही. एक ओळ लिही रे तिला.'"

टॅमर स्टुलावर बसली. पिठाच्या हातांनीच तिने डोळे पुसले, त्यामुळे तोंड पांढरं झालं. एकोणीस वर्षांचा राग एका दिवसात आला होता, तो एका पत्रात गेला. जिला आपण दगड समजत होतो तिला आपली एवढी ओढ होती हे कळून तिचा जीव भरून आला.

"परत वाचा," ती म्हणाली. "अकरा दिवसांपासून."

त्याने परत वाचलं. मग लेखणी खाली ठेवली. "मी साध्या माणसांवर बारा हजार ओळी लिहिल्या, टॅमर. आणि आईने एक मागितली तर ती नाही दिली. मी तुझ्यावर कविता लिहितो. मोठी."

"नका बाई! तुमच्या कवितेतल्या बायका शेवटी बर्फात मरतात, असं जॉस सांगतो."

"सगळ्याच मरत नाहीत."

"आणि हे छापायचं नाही. आडवं हवं तेवढं छापा. उभ्या ओळी आमच्या दोघींच्या आहेत."

"नाही छापत," ॲम्ब्रोज म्हणाला. "म्हणजे उद्या तू जत्रेला जात नाहीस."

टॅमर उठली आणि कणीक पुन्हा ओढून घेतली. "जाते तर! तिने सगळं तुम्हाला सांगितलं, छोटे मालक. मला कुठे सांगितलंय? मोलकरणीला विचारायचं असतं. खोऱ्यातली रीत आहे. भिकाऱ्याच्या घरची मोलकरीणसुद्धा विचारल्याशिवाय राहत नाही."

शनिवारी सकाळी तिने चांगली टोपी घातली, पेटी दारात आणून ठेवली, आणि वाटेत विसरायला नको म्हणून काडी घरूनच तोंडात धरली. जॉसची गाडी फाटकाशी उभी होती. त्याने दाढी केली होती, जत्रेसाठी का आणखी कशासाठी ते त्यालाच ठाऊक.

बाईसाहेब दारात आल्या. ॲम्ब्रोज त्यांच्या मागे उभा होता. रात्री त्या दोघांत काय बोलणं झालं ते टॅमरला कळलं नव्हतं, पण बाईसाहेबांचे डोळे सुजले होते आणि तोंड नेहमीपेक्षा जास्त आवळलेलं होतं.

"हे काय सोंग?" त्या म्हणाल्या. "तोंडात काडी धरून घोडीसारखी!"

"मला कुणी विचारलेलं नाही, बाईसाहेब. मी मोकळी आहे."

"ॲम्ब्रोजने तुला सगळं वाचून दाखवलंय म्हणे."

"दाखवलं."

"मग? आणखी काय पाहिजे?"

"छोट्या मालकांना तुम्ही काय लिहिलंत ते ऐकलं मी. पण मी इथे उभी आहे. तीन पावलांवर."

बाईसाहेबांनी जॉसकडे डोळे वटारले. "तू तिकडे बघ रे!" जॉसने मुकाट्याने तट्टाच्या शेपटीकडे तोंड केलं. त्या एक पायरी उतरल्या, शालीचं टोक मुठीत धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. पासष्ट वर्षांच्या त्या बाईला कोर्टात साक्ष द्यायलाही इतकं जड गेलं नसतं.

"राहशील का?" त्या पुटपुटल्या.

"काय म्हणालात? वाऱ्यात ऐकू आलं नाही."

"राहशील का, म्हणतेय!" बाईसाहेब इतक्या मोठ्याने ओरडल्या की अंगणातल्या कोंबड्या उधळल्या. "एकोणीस वर्षं झाली, मला दुसऱ्या कुणाच्या हातचं आवडत नाही, दुसऱ्या कुणाचं तोंड सकाळी बघवत नाही, आणि तू गेलीस तर मी ... मी परवाचं पुडिंग चार वेळा वाढून घेतलं, ते काय भुकेने? चांगलं होतं! नेहमीच चांगलं होतं! राहशील का?"

जॉस वळून बघत होता. ॲम्ब्रोजही बघत होता. टॅमरच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायचंही सुचलं नाही. तिने तोंडातली काडी काढली.

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि पेटी उचलून स्वयंपाकघरात ठेवायला गेली.